इंजिन तयार आहे, गाडी कुठाय?

इंजिन बांधणीच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला: "दादा, ते इंजिन शेवटी बसवलं कशात?" आजचा अख्खा भाग त्याच्यावर आहे. नेहमीसारखं, जे बोललो तेच खाली लिहून काढलंय. मधले "अं" आणि "म्हणजे कसंय" तेवढे गाळलेत.

जे पहिल्यांदाच आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात. मी वाशीत राहतो, बीटेक केलंय, ऐरोलीला सॉफ्टवेअरची नोकरी करतो. कॉलेजात असताना आमच्या रेसिंग टीममध्ये होतो, तो किडा अजून गेलेला नाही. तेव्हाचाच एक मित्र आणि मी मिळून कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एका एस्टीमचं इंजिन उचललं. मारुतीचं १२९८ सीसीचं जी१३, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, ॲल्युमिनियमचा ब्लॉक. तुर्भ्याच्या एमआयडीसीत एक उस्ताद आहेत, त्यांच्या गॅरेजच्या कोपऱ्यात दोन वर्षं शनिवार-रविवार घालून ते नव्याने बांधलं. नवे पिस्टन, वाढवलेलं कॉम्प्रेशन, वेगळा कॅमशाफ्ट, हेडचं काम. दोघांचे मिळून दोन लाख चाळीस हजार गेले. डायनोवर साधारण ११० बीएचपी मिळाली. हेच इंजिन कंपनीतून आलं तेव्हा ८५च्या आसपास होतं.

आणि मग लक्षात आलं की आपण आधी इंजिन बांधलं आणि गाडीचा विचारच केला नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना कळेल: सर्व्हर कुठला ते ठरवायच्या आधी अख्खा कोड लिहून मोकळे झालो.

मित्राचं म्हणणं सोपं होतं. "सगळ्यात हलकी गाडी घे, इंजिन टाक, संपलं." बोलायला हे बरोबर आहे. रेसमध्ये नुसती ताकद मोजत नाहीत, ताकद भागिले वजन मोजतात. म्हणून आम्ही गॅरेजच्या भिंतीवर खडूने चार नावं लिहिली: मारुती ८००, झेन, एस्टीम, जिप्सी. चारही मारुती का? कारण सुझुकीचं हे जी कुटुंब. झेनमधलं ९९३ सीसीचं इंजिन याच कुटुंबातलं, जिप्सी किंगमध्ये १२९८चंच इंजिन, आणि एस्टीम तर त्याचं माहेर. होंडाच्या गाडीत हे बसवायचं म्हटलं तर फाउंडेशनपासून वायरिंगपर्यंत सगळं शून्यातून करावं लागलं असतं. (गॅरेजमध्ये इंजिनच्या माउंटिंगला फाउंडेशन म्हणतात. मला आधी वाटायचं उस्ताद बिल्डिंगबद्दल बोलतायत.)

वजनं मोठ्या आकड्यांत सांगतो. ८०० साधारण ६५० किलो, झेन ७६०, एस्टीम ८७०, जिप्सी हजारच्या घरात. आतल्या सीट, गालिचे, एसी, दरवाज्यांची पॅडं काढली की वजन उतरतं. रोल केज टाकला की साधारण ४० किलो परत चढतं. वर ड्रायव्हर बसतो, तो मी धरला, ७५ किलो. असा हिशोब केला तर एका टनामागे ८००मध्ये साधारण १६५ बीएचपी पडतात, झेनमध्ये १४८, एस्टीममध्ये १३५ आणि जिप्सीत ११०.

मित्राने ८००वर गोल केला आणि चहा मागवला. त्याच्या मते मीटिंग संपली होती.

उस्तादांनी चहा पिता पिता एकच विचारलं, "पळवणार कुठे?"

मंडळी, गाडी निवडताना पहिला प्रश्न हा असतो. आम्ही तो दोन वर्षं विचारला नव्हता. सरळ पट्टीवर ४०२ मीटर पळवायची असेल, म्हणजे ड्रॅग, तर त्याची गाडी वेगळी. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन होते, ती याच प्रकारातली. मातीत वळणं घेत पळवायची असेल, म्हणजे ऑटोक्रॉस, तर दुसरी गाडी लागते. आणि सर्किटवर पळवायची असेल तर अजून वेगळी. सर्किट म्हटलं की वाशीहून चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई नाहीतर कोइम्बतूरची कारी मोटर स्पीडवे. म्हणजे ट्रेलरवर गाडी लादून हजार-बाराशे किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. नोकरी करून वर्षात किती वेळा जमणार?

याच इंजिनची आयती रेस कारसुद्धा आहे. जुन्या फॉर्म्युला एलजीबीच्या एकआसनी गाड्यांमध्ये एस्टीमचंच १.३ लिटर इंजिन असायचं. पण त्या क्लासची गंमतच ही की सगळ्यांना सारखं इंजिन. जिंकायचं तर हाताने जिंका, पिस्टनने नाही. त्याच्या आधी फॉर्म्युला मारुती होती, तीत ८००चं इंजिन. नारायण कार्तिकेयनची सुरुवात त्याच गाडीतून झाली. आमचं इंजिन बदललेलं, त्यामुळे तिथे त्याला प्रवेशच नाही. जगात त्याच्यासाठी सगळ्यात योग्य जी गाडी, तिचंच दार बंद. मला ते दोन दिवस टोचत राहिलं.

मग ठरलं की ऑटोक्रॉस आणि वर्षाला एखाददुसरी ड्रॅग. सगळं पुण्या-नाशकाच्या टप्प्यात, शुक्रवारी रात्री निघून रविवारी परत. हे ठरलं आणि भिंतीवरचे आकडे एकदम वेगळे दिसायला लागले.

जिप्सीचं आधी सांगतो. तीत इंजिन उभं बसतं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, आणि ताकद मागच्या चाकांना जाते. गाडी सुटताना वजन मागे सरकतं, त्यामुळे मागची चाकं ढकलत असतील तर पकड वाढते. ऐकायला भारी आहे. पण एक टन वजन, उंच बांधा, मागे लीफ स्प्रिंग. रॅलीत जिप्सीने या देशात नाव कमावलंय, तिथे दगडधोंडे असतात आणि टिकणं हाच अर्धा विजय असतो. दीड मिनिटाच्या ऑटोक्रॉसमध्ये तो टिकाऊपणा आम्ही नुसता वाहून नेला असता.

बाकी तिन्ही गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, त्यांचं दुखणं उलटं. झेनचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २३३५ मिलिमीटर. ड्रायव्हरसकट गाडी ७४५ किलोची धरा, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, आणि गाडी अर्ध्या जीने सुटली. साधं गणित आहे: ०.५ गुणिले ०.५ भागिले २.३३५ गुणिले ७४५. साधारण ८० किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात, नेमके जिथे ताकद चाललीय तिथूनच. म्हणून ११०चे १४० बीएचपी केले असते तरी सुरुवातीला टायर जास्त ओरडले असते, एवढंच. ड्रॅगमध्ये आम्ही पहिले येणार नाही, हे त्या दिवशी मान्य केलं.

आता ८००. खरं सांगतो, माझाही जीव तिच्यावर होता. वजनाने हलकी, मिळते स्वस्त, आणि ८००मध्ये १.३चं इंजिन टाकणं हा आपल्याकडे जुना खेळ आहे. पण ती बांधलीच तीन सिलिंडरच्या ७९६ सीसी इंजिनसाठी. चार सिलिंडरचं इंजिन आडवं घातलं की जागा संपते. रेडिएटर सरकवा, पुढचा पत्रा कापा. चाकं १२ इंची, त्यांच्या आत ब्रेकची मोठी डिस्क मावत नाही. व्हीलबेस २१७५, म्हणजे झेनपेक्षा १६ सेंटीमीटर आखूड. मातीत मागची बाजू झटक्यात फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही.

ब्रेकबद्दल जरा थांबून बोलतो, कारण यूट्यूबवर इंजिन बदलण्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि ब्रेकवर कुणी बोलत नाही. गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १००वरून थांबायला जेवढी उष्णता ब्रेकला गिळावी लागते, १४०वरून त्याच्या जवळपास दुप्पट. १४०चा वर्ग भागिले १००चा वर्ग, १.९६, मोबाइलवर करून बघा. मूळच्या चाळीस-पंचेचाळीस बीएचपीच्या ८००ला १४० गाठायला लांबलचक रस्ता लागतो, त्यामुळे तिच्या ब्रेकवर ही वेळ क्वचितच येते. ११० बीएचपी घातले की ती वेळ प्रत्येक सरळ पट्टीच्या शेवटी येणार. झेनला १३ इंची चाकं आहेत. हा एक इंच माझ्यासाठी त्या १७ बीएचपी-प्रति-टनपेक्षा महत्त्वाचा ठरला.

मित्राला हे पटलं नाही. तो म्हणाला, "तू आकड्यांना घाबरतोस." असेलही.

गिअरबॉक्सचं मात्र त्याला पटलं, कारण ते त्याच्याच हातचं काम होतं. रेसचा कॅमशाफ्ट घातला की इंजिनची ताकद वर सरकते. आमचं इंजिन ४६०० आरपीएमच्या खाली अगदी मरगळलेलं, आणि ४६०० ते ७२००मध्ये जिवंत. म्हणजे गिअर बदलल्यावर काटा ४६००च्या वर पडला पाहिजे. समजा पहिला गिअर ३.४ आणि दुसरा १.९. ७०००वर गिअर बदलला तर ७००० गुणिले १.९ भागिले ३.४, काटा ३९००वर येतो. इंजिन झोपलं. दुसऱ्यातून तिसऱ्यात, १.९वरून १.२८, काटा ४७००वर, जेमतेम जागं. तिसऱ्यातून चौथ्यात जवळपास ५०००, मस्त. थोडक्यात पहिल्या-दुसऱ्यामधली दरी हा आमचा खरा शत्रू. ऑटोक्रॉसमध्ये पहिला गिअर फक्त सुटताना लागतो, बाकी सगळा खेळ दुसऱ्या-तिसऱ्यात. इथेच हे इंजिन आणि हा खेळ एकमेकांना जुळले. रोज वाशी ते ऐरोली ऑफिसला जाण्यासाठी हेच इंजिन म्हणजे शिक्षा ठरली असती, ठाणे-बेलापूर रोडच्या प्रत्येक सिग्नलला बंद पडलं असतं.

एस्टीमबद्दल तक्रार काहीच नाही. इंजिन स्क्रू फिरवून बसतं, वायरिंग तयार, गिअरबॉक्स तयार. बजेट अगदीच तंग असेल तर मी डोळे झाकून एस्टीम घ्या म्हणेन. फक्त ११० किलो जास्त आणि डिकीचं शेपूट मागे लोंबतंय.

राहिली झेन. आणि झेन आमच्याकडे होतीच.

बाबांची झेन, १९९९ची. वाशीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये लॉकडाऊनपासून ताडपत्रीखाली उभी. बाबा एपीएमसी मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याकडे हिशोब बघायचे, ही त्यांची पहिली गाडी आणि शेवटचीही. दर गणपतीला आम्ही तिच्यातून कोरेगावला जायचो. खंबाटकी घाटात ती तापायची आणि बाबा बॉनेट उघडून तिच्याशी बोलायचे. पंधरा वर्षं झाली तेव्हा ग्रीन टॅक्स भरून नोंदणी वाढवली, नंतर अजून एकदा. आता ती मुदतही संपलीय. आई म्हणते भंगारात द्या. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात हलवा. बाबा काहीच बोलत नाहीत, दर रविवारी ताडपत्री झटकतात.

विचारायच्या आधी मी कायदा नीट वाचला, कारण बाबा पहिला प्रश्न तोच विचारणार हे माहीत होतं. तुम्हीही ऐका, खूप जण यात फसतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे लिहिलंय त्यापासून वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ रचनेच्या विरोधातले बदल चालणार नाहीत असं सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे रेसचं इंजिन, कापलेला पत्रा आणि केज असलेली झेन रस्त्यावर येऊच शकत नाही. ती गॅरेजमधून ट्रेलरवर जाणार, मैदानात पळणार, ट्रेलरवर परत येणार. आणि गाडी रस्त्यासाठी कायमची निकामी केली की कलम ५५प्रमाणे चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची.

मित्राशी माझं खरं भांडण इथे झालं. त्याला एकदा, फक्त एकदा, रात्री दोन वाजता पाम बीच रोडवर "टेस्ट रन" हवी होती. मी नाही म्हणालो. सार्वजनिक रस्त्यावर रेस लावणं हा कलम १८९चा वेगळा गुन्हा आहे, पण मी कलमासाठी नाही म्हणालो नाही. त्या रस्त्याच्या कडेने आम्ही रोज संध्याकाळी चालायला जातो. रात्री खिडकीतून ते आवाज आले की आई अंथरुणात उठून बसते आणि मी घरात आहे का ते बघते. मित्र तीन आठवडे गॅरेजला आला नाही.

बाबांना मी जेवताना विचारलं. सगळं सांगितलं, गिअर रेशोसुद्धा. त्यांनी एकच विचारलं, "परत रस्त्यावर येणार नाही ना?"

"नाही."

ते उठले, हात धुतले, कपाटातून चावी आणून ताटाशेजारी ठेवली आणि टीव्ही लावला. माझ्या घशाखाली घास उतरेना.

पुढच्या रविवारी उस्ताद वाशीला आले, हातात टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर आणि लोहचुंबक. जुनी गाडी रेससाठी निवडताना हे तीन तुम्हीही न्या. चुंबक पत्र्यावर फिरवायचा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली असते. मग गाडी जॅकवर घेऊन खालून स्क्रू ड्रायव्हरने टोचायचं. शॉकअप जिथे वर बोल्ट होतो ती जागा, पुढचा क्रॉसमेंबर, आणि दरवाज्याखालची पट्टी. इंजिन बदलता येतं, ब्रेक बदलता येतात. सडलेला पत्रा हा गाडीचा सांगाडाच असतो, तो कशावर बदलणार? आपल्या वाशीला एका बाजूला खाडी आहे, हवा खारट, आणि वर पाच पावसाळे ताडपत्रीखाली कोंडलेली ओल. गाडी झाकून ठेवली की ती सांभाळली जाते असं आपल्याला वाटतं. ताडपत्रीखाली पत्रा आतल्या आत शिजत असतो.

शॉकअपच्या जागा ठणठणीत निघाल्या. क्रॉसमेंबर ठीक. डाव्या दरवाज्याखाली उस्तादांनी टोचलं आणि स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याच्याबरोबर मूठभर तपकिरी चुरा पडला.

"केजचा पाय इथेच येतो," उस्ताद म्हणाले. "गाडी उलटली तर सगळं वजन याच्यावर. मी नाही करणार."

मी विचारलं, नवा पत्रा जोडून? ते म्हणाले, रस्त्यावर साठच्या स्पीडने जायला जोडून देतो, आरामात चालेल. रेसला नाही.

बाबा बाजूलाच उभे होते. "म्हणजे रस्त्यावर चालेल?" त्यांनी विचारलं.

आमच्या रेससाठी शेवटी कुर्ल्यातून दुसऱ्या एका झेनची बॉडी उचलली. इंजिन नाही, सीट नाहीत, पुढची काच फुटलेली, पण खालचा पत्रा ठणठणीत. आतापर्यंत त्या गाडीचं आयुष्य कुठल्यातरी कोरड्या गावात गेलं असावं. विकणाऱ्याकडून नोंदणी रद्द झाल्याचा कागद आधी घेतला, मग पैसे दिले. मित्र त्याच दिवशी परत आला, काही न बोलता ग्राइंडर उचलला आणि जुने फाउंडेशन ब्रॅकेट कापायला बसला. आता पुठ्ठ्याचा नमुना करून मापं घेतोय. इनटेकच्या नळ्या बॉनेटला घासतायत, त्यामुळे एकतर इंजिन वीस मिलिमीटर खाली घ्यावं लागेल किंवा बॉनेट कापावं लागेल. खाली घेतलं तर ॲक्सलचा कोन बिघडतो. मी बॉनेट कापायच्या बाजूचा आहे, मित्र अर्थातच दुसऱ्या बाजूचा.

आमची पहिली झेन उस्तादांकडून पट्टी जोडून परवा सोसायटीत आली. बाबांनी फिटनेससाठी आरटीओची अपॉइंटमेंट घेतलीय, पुढच्या गुरुवारची. चार टायर नवे लागणार आहेत, ते मी देतोय.